लॉकडाऊनमध्ये घडलेला पॉवर-पॉप पंक अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महामारीच्या काळात बनलेल्या पॉवर-पॉप आणि पंक अल्बमांबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही निव्वळ श्रोत्यांचे, काही स्वतःचा बँड घरोघरी बसून रेकॉर्ड करू पाहणाऱ्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पॉवर-पॉप पंक म्हणजे नक्की काय? पॉप-पंक वेगळं का?

‘पॉवर पॉप’ हे नाव १९६७ साली ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने आपल्या बँडच्या संगीताला दिलं. सत्तरच्या दशकात बिग स्टार, रास्पबेरीज, चीप ट्रिक अशा बँडनी त्याचा साचा पक्का केला: खणखणीत गिटार, पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसणारा मुखडा, दोन-तीन आवाजांची हार्मनी, आणि तीन मिनिटांत खेळ खलास. १९७६ साली रमोन्सचा पहिला अल्बम आला आणि पंकने वेग आणला, सोलोंना रजा दिली. या दोघांचं लग्न लावलं ते बझकॉक्स आणि अंडरटोन्स यांनी, १९७८च्या आसपास. नव्वदीत ग्रीन डे आणि ब्लिंक-१८२ यांच्यामुळे त्याच घराण्यातली एक शाखा ‘पॉप-पंक’ म्हणून जगभर गेली.

सीमारेषा धूसर आहे. माझी कसोटी अशी: गाण्याचा वेग मनातल्या मनात निम्मा करून पाहा. तरीही चाल गुणगुणावीशी वाटली, तर ‘पॉवर-पॉप’ हा शब्द त्याला शोभतो.

२. २०२० मध्ये आलेला प्रत्येक अल्बम लॉकडाऊन अल्बम धरायचा का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली ११ मार्च २०२० रोजी. कॅलिफोर्नियात घरी थांबण्याचा आदेश १९ मार्चला निघाला, ब्रिटनमध्ये २३ मार्चला. ऑल टाइम लो या पॉप-पंक बँडचा ‘वेक अप, सनशाइन’ ३ एप्रिलला बाजारात आला. म्हणजे तो उघडच आधी तयार झालेला होता; लॉकडाऊनमध्ये तो फक्त ऐकला गेला. उलट बाजूने वीझर या बँडचा ‘व्हॅन वीझर’ पाहा. तो मे २०२० मध्ये यायचा होता, ग्रीन डे आणि फॉल आउट बॉयसोबतची त्यांची मोठी टूर पुढे ढकलली गेली आणि अल्बम थेट ७ मे २०२१ला आला. तोही लॉकडाऊनमध्ये अडकलेला अल्बम आहे, लॉकडाऊनमध्ये घडलेला नव्हे.

मी हे नाव त्यालाच देतो ज्याचं निदान एक महत्त्वाचं अंग, म्हणजे लेखन, वादन किंवा गायन, बँड एकत्र येऊ शकत नसताना झालं. याचं एक विचित्र उदाहरण आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

३. एकही ऐकलेला नाही. कुठून सुरुवात करू?

तीन सुचवतो. तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला, ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग याचा ‘नो फन मंडेज’. मार्च २०२० पासून तो दर सोमवारी घरी रेकॉर्ड केलेलं एक जुनं गाणं प्रसिद्ध करत होता. त्यातली चौदा गाणी २७ नोव्हेंबर २०२० रोजी अल्बम म्हणून आली. सुरुवात कशाने केली? टॉमी जेम्स अँड द शाँडेल्सच्या १९६७च्या ‘आय थिंक वी आर अलोन नाऊ’ने. निवड खट्याळ आहे आणि अचूकही. याच मालिकेत ‘दॅट थिंग यू डू!’ आहे. ते गाणं लिहिणारा फाउंटन्स ऑफ वेन या बँडचा ॲडम श्लेसिंजर १ एप्रिल २०२० रोजी कोविडमुळे गेला, तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. पॉवर-पॉपमधल्या सर्वांत कसबी गीतकारांपैकी एक. ते गाणं हसऱ्या चालीचं आहे, आणि म्हणूनच ऐकताना घशाशी येतं.

दुसरा, डिसेंडंट्स या पंक बँडचा ‘नाइन्थ अँड वॉलनट’ (२३ जुलै २०२१). हा चाळीस वर्षांच्या अंतराने शिवलेला अल्बम आहे. तपशील प्रश्न १४ मध्ये.

तिसरा, वीझरचा ‘ओके ह्यूमन’ (२९ जानेवारी २०२१). टूर लांबल्यामुळे हाताशी आलेल्या वेळात बँडने बाजूला पडलेलं हे काम पूर्ण केलं. इथे गिटारच्या भिंतीऐवजी ३८ वादकांचा ऑर्केस्ट्रा आहे. पंक शोधत असाल तर निराश व्हाल, पण चालींचा हाडाचा पॉवर-पॉपपणा इतका उघडा क्वचितच ऐकायला मिळतो.

४. सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर येऊन एकत्र का नाही वाजवलं?

कारण आवाज उशिरा पोचतो, आणि या संगीतात उशिराला जागाच नसते.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोलीत ड्रमर तीन मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुम्हाला ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. हे कुणाला जाणवतही नाही. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत बहुतेक वादक सांभाळून घेतात. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये मात्र हा उशीर सहज दीडशे मिलिसेकंदांवर जातो. म्हणजे ड्रमर पन्नास मीटर लांब उभा असल्यासारखं झालं.

आता गाण्याचा वेग घ्या. मिनिटाला १८० मात्रा, हा या शैलीत रोजचाच वेग. एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा १६७ची. म्हणजे कॉलवर पलीकडचा माणूस जवळपास अर्धी मात्रा मागे ऐकू येणार. तुम्ही त्याच्यासाठी थांबलात की तो तुमच्यासाठी थांबतो, आणि चार ओळींत गाणं रांगायला लागतं. संथ, तालाशिवायच्या संगीतात हे खपून जाईल. इथे नाही.

जॅमुलस किंवा स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेलं जॅकट्रिप यांसारखी सॉफ्टवेअर हा उशीर खूप कमी करतात. त्यासाठी वायर लावलेलं इंटरनेट हवं आणि वादक एकमेकांपासून फार लांब नसावेत. फायबरमध्ये प्रकाशही सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. लॉस एंजेलिस ते लंडन हे अंतर कापायला सरळ रेषेतसुद्धा चाळीसहून अधिक मिलिसेकंद लागतात. पुढे कुठलंही ॲप आलं तरी हा हिशेब बदलणार नाही.

५. मग चौकटी-चौकटींत सगळे एकदम वाजवतायत असे व्हिडिओ कसे बनले?

एकदम वाजवत नव्हतेच. एकाने आधी रेकॉर्ड केलं, दुसऱ्याने ते हेडफोनवर ऐकत आपलं वाजवलं, असं करत शेवटी सगळं एकावर एक बसवलं. चेहऱ्यावरचे इशारे मात्र खरे वाटावेत म्हणून दिलेले. लॉकडाऊनचे अल्बमही बहुतांशी असेच, थरावर थर चढवत झाले.

६. ड्रम्सचं काय केलं? घरात ड्रम्स वाजवणं शक्यच नाही.

हा खरा प्रश्न. लॉकडाऊन अल्बमचं नशीब इथे ठरतं, असं माझं ठाम मत आहे. गिटार, बेस, आवाज यांना वाटा निघतात. ड्रम्सना मोठी खोली, बरेच माइक आणि सहनशील शेजारी लागतात.

साधारण चार मार्ग निघाले. पहिला, ड्रमरकडे स्वतःचा स्टुडिओ असणं. डिसेंडंट्सचा ड्रमर बिल स्टीव्हन्सन हा कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्समधल्या ‘ब्लास्टिंग रूम’ या स्टुडिओचा संस्थापक आहे. असं भाग्य फार थोड्यांचं. दुसरा, निर्बंध सैल झाल्यावर ड्रमर आणि एकच इंजिनियर, दोघे वेगवेगळ्या खोल्यांत, मधे काच. सगळ्या गाण्यांचे ड्रम्स एकदाच उरकून घ्यायचे. तिसरा, इलेक्ट्रॉनिक किटवर हाताने वाजवायचं आणि ते मिडी रूपात (आवाज नव्हे, कोणता ठोका कधी आणि किती जोरात एवढीच नोंद) साठवून नंतर खऱ्या ड्रम्सचे नमुने त्यावर चढवायचे. चौथा, माउसने एकेक ठोका मांडायचा.

तिसरा मार्ग लोक उगीच कमी लेखतात. त्यात माणसाचा हात राहतो, ठोक्यांचं जोर-हलकं राहतं. फसतो तो झपाट्याच्या स्नेअर रोलमध्ये आणि झांजांमध्ये. एकच नमुना ओळीने दहा वेळा वाजला की मशीनगनसारखा खडखडतो, आणि अर्धवट उघड्या हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) छटा तर कुठलंच पॅड नीट पकडत नाही. म्हणून काही जण झांजा तेवढ्या नंतर खऱ्या रेकॉर्ड करतात. चौथ्या मार्गाने डेमो करावा, अल्बम करू नये.

७. छोट्या घरात ॲम्प न लावता एवढी मोठी गिटार कशी मिळते?

गिटारचा कोरा सिग्नल डीआय बॉक्समधून (गिटार थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून) साठवायचा. ऐकण्यापुरता कॉम्प्युटरमधला ॲम्प लावायचा. नंतर वाटलं तर तोच कोरा सिग्नल कुठल्याही स्टुडिओत खऱ्या ॲम्पमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायचा. याला रीॲम्पिंग म्हणतात. स्टुडिओ तीन महिन्यांनी उघडला तरी बिघडत नाही, वादन आधीच झालेलं असतं.

मोठेपणा मात्र ॲम्पमधून येत नाही. तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला की येतो. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवलात तर आवाज फक्त वाढेल, रुंद होणार नाही. आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा फाटका करकरीतपणा, तुम्हाला हवं वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. बरेच घरगुती अल्बम इथेच चिखल करतात.

८. कपाटात शिरून गायचं हे खरं आहे का? फोम लावला तर चालेल ना?

कपाट खरं आहे. टांगलेले कपडे खोलीची प्रतिध्वनी खातात, आणि नंतर इफेक्ट देण्यासाठी कोरा आवाज मिळतो. फोमही तेच करतो. पण फोमने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्यासाठी जड भिंत आणि बंद फटी लागतात, हलका स्पंज नव्हे. शेजाऱ्यांची काळजी असेल तर फोमवर पैसे घालू नका, वेळ बदला.

पंकचं ओरडून गाणं घरात अवघड जातं ते वेगळ्याच कारणाने: माणूस संकोचतो आणि नकळत निम्म्या ताकदीने गातो. ते मिक्समध्ये कितीही वाढवलं तरी भित्रंच ऐकू येतं.

९. एकत्र ओरडायचे कोरस कसे केले? तेवढ्यापुरते चार जण जमले असतील ना?

जमणं हाच तर धोका होता. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीत, एका समूहगायनाच्या तालमीला ६१ जण होते. त्यांतल्या एकाकडून ३२ जणांना खात्रीने आणि आणखी २० जणांना बहुधा लागण झाली, दोघे दगावले. बंद खोलीत मोकळ्या गळ्याने गाणं हे साध्या बोलण्यापेक्षा किती घातक ठरू शकतं, ते यातून सगळ्यांना कळलं. त्यामुळे गिटारवाला परतला तरी कोरस सर्वांत शेवटी परतला.

पर्याय दोन. एकाच गायकाने माइकपासूनचं अंतर, उभं राहण्याची जागा आणि आवाजाचा पोत बदलत आठ-दहा वेळा ओरडायचं. किंवा मित्रांकडून, चाहत्यांकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवायचं. दुसरं जास्त चांगलं लागतं. तीस फोनांचे तीस वाईट माइक एकत्र आले की गर्दी तयार होते. ती एका चांगल्या माइकने होत नाही. पाठवणाऱ्यांना एकच सूचना द्या: गाणं हेडफोनमध्ये ऐका, स्पीकरवर नाही. नाहीतर तीसच्या तीस फाइलींत मागे गाणं वाजत असतं.

१०. क्लिक ट्रॅकवर वाजवलेलं पंक हे पंक राहतं का?

वेगवेगळ्या घरांत रेकॉर्ड करायचं तर क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये ठरलेल्या वेगाने वाजणारी टिकटिक, लागतोच, सगळ्यांना बांधणारा दुसरा धागा नाही. प्रश्न असा की त्यात काय हरवतं. खोलीत एकत्र वाजवताना बँड मुखड्यावर किंचित पुढे धावतो, अंतऱ्यावर किंचित मागे येतो. कुणी ठरवत नाही, एकमेकांकडे बघून होतं. पंकची धग बरीचशी या धावण्यात असते. क्लिक ती कापून टाकतो.

पॉवर-पॉपचं उलट झालं. तिसरी हार्मनी शोधायला, एका मुखड्यासाठी चार चाली करून पाहायला, टँबोरीन नेमकं कुठे यावं हे ठरवायला स्टुडिओच्या भाड्याच्या तासांत सवड नसते. घरी होती. म्हणून या काळातल्या अल्बमांत पॉप अर्धं सुधारलेलं आणि पंक अर्धं जपून पाऊल टाकणारं, असं वारंवार ऐकू येतं.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो फार थोडे वापरतात: क्लिक सपाट ठेवायचाच नाही. मुखड्याला १८०चे १८३ करा, शेवटच्या मुखड्याला १८५. आकडा क्षुल्लक दिसतो, अंगाला लगेच कळतो. दुसरा उपाय म्हणजे आधी ड्रमर आणि गिटारिस्ट यांचा मोकळा टेक, मग त्यावरून क्लिक काढायचा. पण त्यासाठी दोघे एकत्र हवेत.

११. ड्रमरने पाठवलेली फाइल माझ्याकडे वेगात आणि चढ्या सुरात वाजते. काय बिघडलं?

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा. त्याने ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं आहे, तुमचा प्रोजेक्ट ४८वर आहे आणि सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच उचलली. मग ती जवळपास नऊ टक्के वेगात वाजते आणि सूर सुमारे दीड सेमिटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक) चढतो. उलट असेल तर तितकाच उतरतो. दीड सेमिटोन म्हणजे धड एका पट्टीतही नाही, दुसऱ्याही नाही, त्यामुळे निदान लगेच होतं. फाइल ओढून-ताणून बसवू नका. इम्पोर्ट करताना रूपांतर करा. आणि पुढच्या गाण्याआधी सगळ्यांनी एकच रेट ठरवा.

१२. रेट बरोबर आहे, तरी फाइल जागेवर बसत नाही.

तुकडा पाठवला असेल. गिटार दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असली तरी फाइल पहिल्या मात्रेपासूनच काढायची, आधीच्या शांततेसकट. डब्ल्यूएव्ही, २४ बिट. ४८ किलोहर्ट्झवर तीन मिनिटांचा एक मोनो ट्रॅक सुमारे २६ एमबी होतो; दहा माइकचे ड्रम्स २६० एमबी. एवढं पाठवणं जड जातं म्हणून एमपी३ पाठवणारे भेटतात. ऐकायला ठीक, पण एमपी३ करताना सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते आणि ठोका सरकतो.

१३. गाण्यांत महामारीचा उल्लेख असायलाच हवा का?

मुळीच नाही. ज्यांत मास्क आणि जंतुनाशक आले ती गाणी वर्षभरात शिळी वाटली. टिकली ती ज्यांत कंटाळा आला, खिडकी आली, जुन्या मैत्रीची हुरहुर आली. ही शैली मुळातच खोलीत कोंडलेल्या पोरांची आहे. तिला नवा विषय शोधावाच लागला नाही.

१४. ‘नाइन्थ अँड वॉलनट’मधली गाणी तर १९७७ ते १९८०ची. तो लॉकडाऊन अल्बम कसा?

प्रश्न २ मध्ये म्हटलेलं विचित्र उदाहरण ते हेच. गाणी बँडच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. वाद्यं रेकॉर्ड झाली २००२ मध्ये, फ्रँक नव्हेटा, टोनी लोम्बार्डो आणि बिल स्टीव्हन्सन या मूळ तिघांनी. नव्हेटा २००८ मध्ये वारला. गायन राहून गेलं होतं, ते बँडचा गायक मायलो ऑकरमन याने २०२०च्या लॉकडाऊनमध्ये केलं. त्यातली बरीच गाणी तो बँडमध्ये येण्याच्याही आधीची. अल्बमचं नाव लाँग बीचमधल्या त्यांच्या जुन्या तालमीच्या जागेवरून.

माझ्या व्याख्येत तो बसतो, कारण गायन लॉकडाऊनमध्ये झालं; लॉकडाऊन नसता तर तो पूर्ण कधी झाला असता सांगता येत नाही. आणि गंमत अशी की यात प्रश्न १० मधली अडचणच नाही: तिघे एका काळी एकत्र वाजलेले आहेत, वेगळा आहे तो फक्त आवाज. ऐकताना ती धाव स्पष्ट कळते.

१५. डिजिटल अल्बम आला, विनाइल रेकॉर्ड मात्र कितीतरी महिन्यांनी. लेबलचा आळस?

बहुतेक वेळा नाही. विनाइलचा साचा बनवायला आधी लॅकरची तबकडी कोरावी लागते. त्या तबकड्या बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते. त्यांतला अपोलो मास्टर्स, कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा, ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत जळाला. उरला जपानमधला एक. पाठोपाठ प्रेसिंगचे कारखाने लॉकडाऊनमध्ये अडकले. आणि नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत विनाइलची विक्री रकमेच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली, १९८६नंतर पहिल्यांदा. माल कमी, मागणी जास्त. छोट्या बँडची पाचशे प्रतींची ऑर्डर रांगेत मागे ढकलली जाणारच होती.

१६. टूर नाही म्हटल्यावर पैसे आले कुठून?

अशा बँडची कमाई मुख्यतः मैफली आणि तिथे विकले जाणारे टी-शर्ट यांतून होते, त्यामुळे फटका मोठा होता. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळाने २० मार्च २०२० रोजी एका दिवसासाठी आपला वाटा सोडला; एरवी ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेत. त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलर खर्च केले, आणि मग असे शुक्रवार वारंवार होऊ लागले. अमेरिकेत मैफलींच्या छोट्या जागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये १५०० कोटी डॉलरची तरतूद कायद्याने झाली, पण ती जागांना होती, बँडना नव्हे.

१७. एकट्यानेच सगळं वाजवलं तर तो बँडचा अल्बम म्हणायचा का?

श्रेयनामावलीत काय लिहिलं आहे ते पाहा आणि त्यावर विश्वास ठेवा. ‘नो फन मंडेज’ बिली जोच्या नावावर आहे, ग्रीन डेच्या नाही, आणि ते योग्यच आहे. स्वतः करत असाल तर एक करा: कोणाचा काय वाटा हे पहिली फाइल पाठवण्याआधी लिहून ठेवा. खोलीत बसून चाल सुचली तर कुणी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फाइलींच्या देवाणघेवाणीत बेसिस्टने सुचवलेला एक कॉर्ड गाणं बदलून टाकतो आणि सहा महिन्यांनी ते कुणाला आठवत नाही.

१८. तीच गाणी नंतर स्टेजवर इतकी वेगळी का वाजतात?

बऱ्याच बँडच्या बाबतीत ती गाणी सगळ्यांनी एकत्र वाजवली तीच मुळी अल्बम आल्यानंतर. क्लिक गेला, वेग वाढला. अल्बमवर पाच थरांची हार्मनी होती तिथे स्टेजवर दोनच गळे उरले. काहींनी गाण्याची पट्टीही उतरवली, कारण घरी वीस टेकांत एकदा लागलेला वरचा सूर रोज रात्री लावणं वेगळं. अशा अल्बमची लाइव्ह आवृत्ती निघाली असेल तर दोन्ही पाठोपाठ ऐका. प्रश्न १० मध्ये जे म्हटलं आहे ते पहिल्या मुखड्यावरच कानाला कळेल.